‘बसायचं का?’ : दारू सोडल्यावर बसायचं कुठे आणि कुणाजवळ

आपल्याकडे ‘दारू प्यायला चल’ असं कुणी म्हणत नाही. ‘काय रे भो, बसायचं का?’ एवढंच विचारतात. शेतात बसायचं, ढाब्यावर बसायचं, खताच्या दुकानामागे पोती रचलेल्या खोलीत बसायचं. मी एकोणीस वर्षं बसलो. सोडून अकरा वर्षं झाली. हातांची थरथर आठवड्याभरात गेली, पण संध्याकाळचे सहा वाजले की आता बसायचं कुठे, हा प्रश्न पुढे वर्षभर पुरला. बाटलीबरोबर माणसंही गेली होती ना. ती चांगली होती की वाईट ते सोडा, पण रोज वाट बघणारी चार माणसं होती.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या माणसाने नुकतीच सोडली आहे, किंवा सोडावी असं मनात घोळतंय पण विचारायचं कुणाला ते कळत नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाई असाल तर तुमच्यासाठीही. माझं नाव इथे नाही. ज्या संगतीत मी टिकलो, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या मिटिंगमध्ये, तिथली ती रीत आहे.

आधी डॉक्टर, मग शपथ

रोज पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नये. मी केली होती. अखाजीचा दिवस होता. पोरींसाठी निंबाला झोका बांधता बांधता बायकोला म्हणालो, आजपासून बंद, आईची शपथ. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चहा घ्यायला बसलो तर हातातली कपबशी अशी खडखडायला लागली की धाकटी हसली. तिला वाटलं, बाबा गंमत करताहेत. पुढचं मला आठवत नाही. शुद्ध आली ती जीपमध्ये, शेजाऱ्याच्या मांडीवर. तोंडात रक्त होतं, झटक्यात जीभ चावली गेली होती. गावात मात्र बातमी पसरली की आप्पाला कुणीतरी बाहेरचं केलं.

बाहेरचं वगैरे काही नव्हतं. वर्षानुवर्षं दारूवर चाललेल्या मेंदूची दारू अचानक तोडली की तो बिथरतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. झटके आले तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात. दोन ते चार दिवसांनी काहींना भास होतात. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे फिरल्यासारखे वाटतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेत माणूस दगावू शकतो. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत हा काळ पार करून देतात. यापूर्वी कधी झटका आला असेल तर घरी प्रयोग करूच नका.

जायचं कुठे? जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ म्हणा. लाजू नका, त्या रांगेत तुमच्यासारखे बरेच असतात. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फुकट. जीव नकोसा झाला, तसले विचार यायला लागले तर १४४१६ लावा, तो टेली-मानसचा, चोवीस तास चालू असतो. सुरुवातीच्या दिवसांत असे विचार येतात, मला आले होते. झटका आला किंवा माणूस बरळायला लागला तर विचार करत बसू नका, १०८.

एक गोष्ट खेड्यातल्या माणसाला मुद्दाम सांगतो. आपली सवय अशी की जवळच्या डॉक्टरकडे जायचं, ‘अशक्तपणा आलाय, सलाइन लावा’ म्हणायचं आणि दारूचं नावही काढायचं नाही. दारूने शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व आटलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून किती पितो, शेवटची कधी घेतली, देशी की हातभट्टी, सगळं खरं सांगा. आपण नेहमी निम्मं सांगतो. तिथे पूर्ण सांगा.

भाजीतून द्यायची गोळी

स्टँडच्या भिंतींवर जाहिराती दिसतात : न कळत दारू सोडवा, चहातून द्या, भाजीतून द्या. घरच्यांनो, तुमची तळमळ समजते, पण हे करू नका. डायसल्फिरम नावाचं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि एखाद्याचा जीवही जातो. डॉक्टरने तपासून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने दिलं तर ते उपयोगी आहे. लपवून दिलं तर ते विषच. पुड्यांमध्ये काय असतं ते तर विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. शिवाय ज्या दिवशी त्याला कळतं की बायको भाजीत काहीतरी कालवते, त्या दिवसापासून तो घरी जेवत नाही. आधीच तुटत आलेला धागा तिथे तुटतो.

केंद्रात भरती व्हायचं असेल तर

सगळ्यांना भरती लागत नाही. घरात राहून जमेना, किंवा घर म्हणजेच गुत्त्याच्या समोर, तर लागते. माझ्या चुलतभावाला एका केंद्राची गाडी रात्री दोनला येऊन हातपाय बांधून घेऊन गेली. घरच्यांनीच बोलावली होती, पैसेही भरले होते. तीन महिन्यांनी तो आला तो वाळून, आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या प्यायला. तिथे त्याला दारूशिवाय कसं जगायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं, फक्त मारलं होतं.

म्हणून आत पाऊल टाकण्याआधी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा. मानसोपचार तज्ज्ञ स्वतः येतात का, आठवड्यातून किती वेळा? घरच्यांना भेटता येतं का? बाहेर पडल्यावर फॉलोअप कुठे, किती दिवसांनी? साखळदंडाने बांधायला त्याच कायद्याने बंदी आहे, हे माहीत असू द्या. फॉलोअपच्या प्रश्नाला जो गोंधळतो त्याच्याकडे मी तरी माणूस ठेवणार नाही. आत दारू मिळत नाही, त्यामुळे आत सगळेच सुटतात. खरी परीक्षा गावच्या फाट्यावर उतरल्यावर.

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं. बायकांसाठी तिथे ‘निशिगंध’ नावाचा वेगळा विभाग आहे. हे सांगायचं कारण, आपल्याकडे पिणाऱ्या बाईचं दुखणं माहेरच्या चार भिंतींत पुरलं जातं, आणि ती उपचाराला पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मिटिंग : आत काय होतं

आता मुद्द्याचं. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी अॅक्रन गावी आला. काम फसलं. दारू सुटून त्याला जेमतेम पाच-सहा महिने झाले होते. हॉटेलात उभा, एका बाजूने बारमधला गलका ऐकू येतोय, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. चर्चच्या लोकांना फोन करत करत त्याने आपल्यासारखाच एक पिणारा शोधला. तो निघाला डॉक्टर, बॉब स्मिथ. दोघं तासन्‌तास बोलले. त्या डॉक्टरने १० जून १९३५ ला शेवटची घेतली, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, तो दिवस आपला जन्मदिवस मानते. उपदेश करायला गेलेला माणूस टिकत नाही, पण आपली कहाणी दुसऱ्या बेवड्याला सांगणारा टिकतो, हे त्या दोघांना कळलं. भारतात ही संगत १९५७ पासून आहे.

माझी पहिली मिटिंग एका मराठी शाळेच्या वर्गात झाली. बालवाडीची बाकं, गुडघे हनुवटीला लागत होते. फळ्यावर पाढे तसेच होते. मी दारातच उभा राहिलो, कारण आत बसलेल्यांमध्ये एक आमच्या सोसायटीचा माजी सचिव होता. म्हटलं, मेलो, आता उद्या गावभर. तो उठला, ‘या, बसा’ म्हणाला आणि किटलीतून चहा दिला. तोही अर्धाच कप. मनात म्हटलं, काय चिंगूस लोक आहेत.

होतं ते एवढंच. सुरुवातीला थोडी शांतता आणि प्रार्थना : जे बदलता येत नाही ते स्वीकारायचं बळ दे, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य दे, आणि दोन्हीतला फरक ओळखायची बुद्धी दे. मग एकेक जण बोलतो. ‘मी अमुक, मी मद्यपी आहे’, आणि पुढे आपली गोष्ट. मधे कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, ‘माझं ऐक’ म्हणत नाही. खानदेशी माणसाला हे फार जड जातं, आपण तर मयतीलाही सल्ला देतो. तुम्हाला बोलायचं नसेल तर ‘आज ऐकतो’ म्हणा, चालतं. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस टाकतो. नवीन माणसाने टाकले नाहीत तरी कुणी बघत नाही. फी नाही, रजिस्टर नाही, जात-धर्म-पक्ष नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. सोडलेलीच असली पाहिजे असंही नाही.

तिथे ऐकलेलं तिथेच राहतं. माजी सचिवाने माझं नाव गावात काढलं नाही. मी त्याचं आजही काढत नाही.

खुल्या मिटिंगला घरचे येऊ शकतात, बंद मिटिंग फक्त आपल्यासाठी. देवाचा उल्लेख येतो, पण ज्याला जो मानायचा तो माना, नसेल मानायचा तर गटालाच मोठं माना. नास्तिक मित्र आहेत माझे तिथे, छान टिकलेत. आणि पहिली मिटिंग आवडली नाही म्हणून पुन्हा न जाणं हा सगळ्यात सोपा पळपुटेपणा. मलाही आवडली नव्हती. सहा तरी करा.

मिटिंग कुठे भरते ते एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर बघा, १४४४६ वर विचारा, किंवा मानसोपचार विभागातल्या समुपदेशकाला विचारा.

अंतराचं काय

नव्वद दिवसांत नव्वद मिटिंग असा एक जुना सल्ला आहे. मुंबईत ठीक. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या पुढच्या खेड्यात राहणाऱ्याने काय करायचं? शेवटची एसटी साडेसातला, मिटिंग सुटते आठला. माझा उपाय असा होता : आठवड्यातून एक मिटिंग ठरवायची आणि तिला सोयर-सुतक सोडून काहीही आडवं येऊ द्यायचं नाही. भुसावळ-सुरत मार्गावर राहत असाल, म्हणजे धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा असं कुठे, तर रेल्वेचं वेळापत्रक बघून आठवड्याचा वार ठरवा. बाकीचे सहा दिवस फोन. मराठी-हिंदीतल्या ऑनलाइन मिटिंगही असतात, शेतात रेंज मिळेल तिथे मोटारीच्या खोलीत बसून ऐका. समोरासमोरची सर तिला नाही, पण रात्रीच्या साडेआठला ती गुत्त्यापेक्षा बरी.

आणि स्पॉन्सर धरा. म्हणजे तुमच्या आधी सुटलेला एक माणूस, ज्याला रोज फोन करायचा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. त्याचा नंबर मी ‘ठिबक’ नावाने ठेवला होता, म्हणजे चारचौघांत फोन आला तरी कुणाला काही वाटू नये. जळगाव जिल्ह्यात ठिबकवाल्याशी रोज बोलणारा माणूस कुणाला खटकत नाही. असे तीन नंबर पाहिजेत, कारण नेमका गरजेच्या वेळी एकाचा बंद लागतो. आणि फोन पिण्याआधी करायचा असतो. प्यायल्यावर केलेल्या फोनला आम्ही कीर्तन म्हणतो.

माळ घातली तर

मुक्ताईनगरच्या वाटेवरचा प्रदेश आपला. सप्ताहात माळ घालून दारू सोडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना मी कमी लेखत नाही. माळ एक फार मोठं काम करते : ती गळ्यात दिसते. ‘आप्पांनी माळ घातलीय’ म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसायला जागा मिळते, माणसं मिळतात. म्हणजे जे मिटिंगमध्ये मिळतं त्यातलं निम्मं इथे आहे.

अडचण एकाच ठिकाणी येते. चुकून एक दिवस पाय घसरला तर माणूस माळ काढून खुंटीला टांगतो, आणि शरमेने देवळाच्या गल्लीतून जाणंही सोडतो. तिथे ‘मी काल प्यालो’ असं मोठ्याने सांगायची सोय नाही. मिटिंगमध्ये ती आहे. त्यामुळे मी दोन्ही करतो. भजनात मन लागतं, आणि मिटिंगमध्ये पोटातलं बाहेर येतं.

वर्षाचे धोक्याचे दिवस

आपल्याकडे दारू पंचांगाप्रमाणे येते. दिवाळीनंतर कापूस मोजला की हातात रोकड. रावेर-यावलकडे केळीची गाडी भरली की रोकड. त्या दिवशी एकट्याने व्यापाऱ्याकडे जाऊ नका, बायकोला किंवा मुलाला न्या, पैसे शक्यतो खात्यात घ्या.

मग थंडी आणि भरीत पार्टी. ही मला सगळ्यात अवघड गेली. शेतात काट्याकुट्यांचा जाळ, त्यात भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. आणि बांधाला टेकवलेली पिशवी. पहिली दोन वर्षं गेलोच नाही. तिसऱ्या वर्षी स्वतःची मोटारसायकल घेऊन गेलो, पोटभर जेवून गेलो आणि सातला निघालो. रिकाम्या पोटी जायचं नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी एकही अंगात असेल त्या दिवशी तर नाहीच नाही. हळदीला, वरातीत, अखाजीच्या पत्त्यांच्या डावातही हेच.

‘लेय ना भो, एकच ते शे!’ याला उत्तर आधी पाठ पाहिजे. लांबलचक कारणं दिलीत तर समोरचा वकिली करतो. ‘डॉक्टरने बंद केलीय’ एवढं म्हणायचं आणि हातात चहा नाहीतर सोडा धरून ठेवायचा. रिकाम्या हाताला लोक ग्लास देतात.

सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भावांची गोष्ट वेगळी. तिथे मोहाची दारू देवाला लागते, पूजेत तिची धार पडते, आणि ‘घेत नाही’ म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं असं वाटतं. माझ्या ओळखीचा एक पावरा मित्र धार सोडायचं काम भावाकडे देतो आणि स्वतः ढोल धरतो. आधी गावच्या पुजाऱ्याशी एकट्यात बोलून घेतलं त्याने. बाहेरून येऊन त्यांच्या रीतीला नावं ठेवणाऱ्यांपेक्षा हे फार शहाणपणाचं वाटलं मला.

घरच्यांसाठी

तुमच्यासाठीही वेगळी संगत आहे. तिचं नाव अल्-अॅनॉन, १९५१ पासूनची. पिणाऱ्याच्या बायका, आया, भाऊ तिथे बसतात. तो सुटो न सुटो, तुम्ही जाऊ शकता. बाटल्या शोधणं, खिसे तपासणं, मालकाला खोटं सांगून सुट्टी मागणं, हे सगळं करून तुम्हीही आजारी पडलेल्या असता. मारहाण होत असेल तर ती सोसणं हा उपचाराचा भाग नाही. १८१ हा महिलांचा क्रमांक लावा.

तो सुटल्यावर मात्र पहिल्या महिन्यात जुनी उधारी उगाळू नका. आणि लगेच विश्वासही ठेवू नका. माझ्या बायकोने एटीएम कार्ड दोन वर्षं दिलं नाही. बरोबर केलं.

घसरलात तर

चौदाव्या महिन्यात मी घसरलो. साल्याच्या लग्नात, एक बिअर. चौथ्या दिवशी खंबा. अकरा वर्षं म्हणतो ती त्यानंतरची मोजलेली. घसरल्यावर तीन कामं : पिणं चार-पाच दिवस चाललं असेल तर पुन्हा डॉक्टर, कारण थरथर पुन्हा पहिल्यापासून येते. ‘ठिबक’ला फोन. आणि पुढच्या मिटिंगला जाऊन तोंडाने सांगणं. मी सांगितलं तेव्हा माजी सचिव फक्त म्हणाला, ‘बरं झालं आलास.’ मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो.

जवळपास गटच नसेल तर

तर तुम्ही सुरू करा. दोन माणसं पुरतात, अॅक्रनला दोनच होती. सहा महिने तरी सुटलेला एक जण हवा, आणि जुन्या गटाशी संपर्क. खोलीसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, ग्रामपंचायतीला विचारा. रविवारी सकाळी सहसा नाही म्हणत नाहीत. खोलीचं थोडंफार भाडं द्याच, मिंधेपण नको. वार आणि वेळ कधी बदलू नका. कुणी आलं नाही तरी तासभर बसून राहा. आम्ही पहिले नऊ रविवार दोघंच होतो, शेंगा खात.

दहाव्या रविवारी एक जण आला आणि दारातच उभा राहिला. असा कुणी आला की नाव-गाव विचारू नका. ‘या, बसा’ म्हणा. त्याला भिंतीकडची जागा द्या, दार दिसेल अशी. आणि चहा अर्धाच कप ओता. त्याचे हात थरथरत असतात, भरलेला कप सांडतो.